भरलेली बाटली : उचगाव ते महिपालगड, एका दिवसाच्या चालीचं प्रकरण

या चालीसाठी मी बेचाळीस ओळींचा तक्ता केला होता. धंद्यानं मी हिशेबनीस. कागदावर उतरल्याशिवाय मला झोप लागत नाही. त्यात शिट्टी होती, जादा नाड्या होत्या, प्रत्येकाचा रक्तगट होता, कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत चालणारा १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर लाल शाईत होता. चौदा जणांत आठ बायका आहेत, हेही एका रकान्यात होतं. त्या आठ जणींनी पहाटेपासून दुपारपर्यंत लघवीला कुठं जायचं, याची ओळ मात्र नव्हती. पुढं जे झालं ते त्या एका ओळीपायी.

माणसं आणि वाट

बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोतल्या झाडांखाली सकाळी फिरणारी आमची टोळी. टिळकवाडी, अनगोळ, वडगाव इकडची माणसं. सगळ्यात लहान मुलगी तेवीस वर्षांची, इंजिनिअरिंग संपवून नोकरी शोधणारी. सगळ्यात मोठे सुभेदारकाका, त्रेसष्ट वर्षांचे, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. मधे माझी थोरली वहिनी, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई (त्यांना सगळे बाईच म्हणतात, सुभेदारकाकासुद्धा), उद्यमबागेतल्या फाउंड्रीत भट्टीवर असणारा माझा शाळूसोबती, आणि बाकीचे नोकरी-दुकानवाले. दसऱ्याला सोनं देता-घेता विषय निघाला, की रोज त्याच त्या चार फेऱ्या मारून काय मिळतंय, एकदा दिवसभर चालून दमून येऊया. नोव्हेंबरचा शेवटचा रविवार ठरला. हातात सात-आठ आठवडे.

कुठं जायचं यात दोन सकाळी गेल्या. पहिलं नाव भीमगडाचं आलं, ते येणारच. पण खानापूर तालुक्यातलं ते सगळं रान २०११ पासून अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं मनाला येईल तसं हिंडता येत नाही. शिवाय आत अस्वलं आणि गवे. पहिल्याच चालीला चौदा जणांचा घोळका घेऊन तिथं जाणं मला पटलं नाही. कुणीतरी कॅसलरॉकहून रुळांवरून दूधसागर काढलं. रुळांवरून चालायला रेल्वेची बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. कणकुंबी-चोर्ल्याकडं जायचं तर निम्मा दिवस गाडीतच जाणार.

शेवटी ठरलं ते असं : उचगावात मळेकरणीच्या आमराईपाशी गाड्या ठेवायच्या, शेतवाटांनी देवरवाडीच्या वैजनाथापर्यंत जायचं, तिथून महिपालगड चढायचा, आणि त्याच वाटेनं चालत परत यायचं. आमच्या घड्याळांवर हे सगळं मिळून तेवीस-चोवीस किलोमीटर भरलं. उचगाव कर्नाटकात, महिपालगड महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. वाटेत पाट्या कानडीतून मराठीत जातात. बांधावरून हाक मारणाऱ्या माणसाची बोली मात्र अलीकडं तीच आणि पलीकडंही तीच.

ही वाट मला पसंत पडली त्याचं खरं कारण वेगळं. महिपालगडावर वर गाव आहे. गाव आहे म्हणजे रस्ता आहे, रस्ता आहे म्हणजे गाडी येते. ज्या जागेवरून पाय मोडलेला माणूस तासाभरात खाली आणता येतो, ती जागा पहिल्या चालीला बरी. पुतण्या ओम्नी घेऊन दिवसभर वैजनाथापाशी थांबणार होता.

तयारी

तयारीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ती आमची चांगली झाली होती, आणि चांगल्या झालेल्या गोष्टीत शिकण्यासारखं कमी असतं.

दर रविवारी येळ्ळूर गावातून राजहंसगड, पायी. पहिल्या रविवारी एकदा, तिसऱ्याला दोनदा चढून उतरणं. सुभेदारकाकांचा भर उतरण्यावर. "चढताना दम बोलतो, उतरताना गुडघं," असं ते म्हणत, आणि त्यात तथ्य आहे. उतरताना मांडीचा स्नायू लांबत-लांबत भार पेलतो, त्याची त्या कामाची सवय नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. सपाटीवर कितीही फेऱ्या मारल्या तरी ती सवय होत नाही. चौथ्या आठवड्यापासून प्रत्येकानं पाठीवर तीन किलो तांदूळ घेऊन चालायचं. वहिनीनं बेळगाव बासमतीची पिशवी घेतली होती. गडावर पोचल्यावर म्हणाली, "आता हितंच चूल मांडा, परत कोण न्यायलंय."

मधे दिवाळी आली आणि दोन आठवडे फराळात गेले. त्याला इलाज नाही, तक्त्यात ते आधीच धरलं होतं.

वेळेचा हिशेब मी नेस्मिथच्या रीतीनं केला. स्कॉटलंडच्या या गिर्यारोहकानं १८९२ मध्ये सांगितलेला अंदाज असा, की ताशी पाच किलोमीटर धरा आणि वर चढायच्या दर सहाशे मीटरला एक तास वाढवा. आमचे चोवीस किलोमीटर म्हणजे पावणेपाच तास, चढ मिळून सगळा चारशे मीटरच्या आसपास म्हणजे आणखी चाळीस मिनिटं. साडेपाच तास झाले. पण हा हिशेब तयारीच्या, सडाफटिंग माणसाचा. चौदा जणांची दीडपट धरली, वर जेवण आणि थांबे दोन तास. दहा-सव्वादहा तास. नोव्हेंबरअखेर आपल्याकडं सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, तेव्हा पावणेसहाला पहाटे निघालंच पाहिजे, आणि काहीही झालं तरी दुपारी साडेबाराच्या पुढं गडावर असताना आणखी लांब जायचं नाही, मागं वळायचं.

नियम तीनच केले. पन्नास मिनिटं चालणं, दहा मिनिटं थांबणं, हा सुभेदारकाकांचा लष्करी कूचाचा हिशेब. पुढं फाउंड्रीवाला, मागं मी, आणि आमच्या दोघांच्या मधेच सगळ्यांनी राहायचं, नजरेआड कुणी जायचं नाही. आणि गाडीत बसायची वेळ आली तर कुणी एकट्यानं बसायचं नाही, सोबत एक जण उतरणार म्हणजे उतरणारच. पहिला आणि तिसरा नियम चांगले होते. दुसराही कागदावर चांगलाच दिसत होता.

आखणी करणारे आम्ही तिघं. तिघंही पुरुष.

सकाळ

ती सकाळ सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. पावणेसहाला अंधारच होता, गारठा कानाला लागत होता. भातकापणी होऊन गेलेली. बॅटरीच्या उजेडात फक्त समोरच्याची टाच आणि धसकटं दिसत होती. अर्ध्या तासानं पूर्व फटफटली तेव्हा कळलं, की आपण धुक्याच्या तळ्यातून चाललोय. कमरेपर्यंत पांढरं, वर माणसं, आणि मधेच एखादं आंब्याचं झाड कापून ठेवल्यासारखं. काही वावरांत भाताच्या ओलीवर मसूर पेरलेला, नुकता वर आलेला. बाई प्रत्येक पाखराचं नाव सांगत होत्या. टिटवी ओरडली की तेवीस वर्षांची पोरगी तिची नक्कल करायची, आणि टिटवी खरंच उत्तर द्यायची.

एका शेतात रताळी काढायचं काम चाललं होतं. बेळगावच्या या पश्चिम पट्ट्यातली रताळी लांबलांबच्या बाजारात जातात. काढणीचा वास मात्र तिथंच घ्यावा लागतो, ओल्या मातीचा आणि गोडसर चिकाचा. बांधावर जाळ करून शेकत बसलेले मालक म्हणाले, "कुठनं आलासा वो? पायीच? गाडी बिघडली काय?" हौसेनं चाललोय म्हटल्यावर त्यांनी आमच्याकडं जरा काळजीनंच पाहिलं. मग राखेतून चार रताळी काठीनं बाहेर ओढली, "खावा, म्होरं चढ हाय." साल काळी कोळशासारखी, आत पिवळसर वाफ. बोटं भाजत, फुंकर घालत चौदा जणांनी चार रताळी खाल्ली. त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं खाणं तेच, असं माझं मत आहे. ज्यांनी दशम्या आणि खर्डा आणला होता त्यांना ते मान्य नाही.

आता हे सगळं होत असताना तीन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर घडल्या, आणि एकही माझ्या लक्षात आली नाही.

पहिल्या थांब्यावर पुरुषांनी बाटल्या काढून घटाघटा पाणी प्यायलं. बायकांनी एक बाटली फिरवली. हळदीकुंकवाला अत्तर लावतात तसं प्रत्येकीनं ओठांना लावून पुढं दिली. मला ते बघून छान वाटलं, काय मेळ आहे म्हणून. दुसरी गोष्ट वैजनाथापाशी झाली. तिथं पावणेनऊला पोचलो, दर्शन झालं, नाश्ता झाला, पुतण्यानं थर्मासमधला चहा ओतला. आठातल्या सहा जणींनी चहा नको म्हटलं. "चढायचंय, जड होतंय." मी मनात म्हटलं, शहाण्या आहेत. तिथंच कुणाकडं तरी सोय विचारता आली असती. विचारायचं असतं हेच डोक्यात आलं नाही. तक्त्यात त्या जागेसमोर 'दर्शन, नाश्ता, ३० मिनिटं' एवढंच होतं.

तिसरी गोष्ट चढावर. बाई बोलायच्या थांबल्या. पाखरं ओरडत होती आणि त्यांची नावं कुणी सांगत नव्हतं.

मी मागून तीनदा विचारलं, "बाई, बरं आहे ना?" तिन्ही वेळा, "हो हो, चला." आपल्यात याला दुसरं उत्तरच नाही. लग्नात वाढपी विचारतो आणि आपण पानावर हात आडवा धरतो, तसलंच ते उत्तर. माझ्यामुळं बाकीचे अडायला नकोत, ही भीड तर आहेच. पण पुरुषमाणसाला कारण सांगायचं कसं, ही त्याहून जड.

ओसरी

गडावर अकराला पोचलो. पहिल्या घरांपाशीच बाई एका ओसरीच्या कडेला बसल्या आणि आडव्या झाल्या. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, उजव्या पोटरीत गोळा. चेहरा उतरलेला, घाम मात्र येत होता. मी तक्ता काढला. खरंच काढला, आता लिहितानाही लाज वाटते.

फाउंड्रीवाल्यानं पिशवीतून बाईंची दोन लिटरची बाटली उचलली आणि न बोलता माझ्या हातात दिली. हाताला ती जड लागली. झाकणापासून चार बोटं खाली पाणी, बस्स. सव्वापाच तासांत पेलाभरसुद्धा पोटात गेलं नव्हतं.

"बघ," तो म्हणाला. "भट्टीवर नवा पोरगा आला की कसं वाटतंय म्हणून मी कधी विचारत नाही. सगळे चांगलंच सांगतात. कॅन किती रिकामा झाला तेवढं बघतो."

मग बाकीच्या बाटल्या पाहिल्या. पुरुषांच्या निम्म्याहून खाली. बायकांच्या आठही बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या. एखाद्या ताळेबंदात एकाच बाजूला सगळे आकडे शून्य दिसावेत तसं ते दिसत होतं.

"वहिनी, हे काय?"

"काय काय? सकाळपासनं आम्ही कोणच नीट पाणी प्यालो नाही, भावजी."

"पण का?"

"जायचं कुठं? पुढं तुमचा दोस्त, मागं तुम्ही."

झाडाझुडपाची वाट असती तर एखादी हळूच मागं राहिली असती. इथं कापलेली शेतं, गुडघाभरसुद्धा आडोसा नाही. वर 'नजरेआड जायचं नाही' हा माझा नियम. दहा मिनिटांचा थांबाही सगळ्यांनी एकाच ठिकाणी, गोल करून बसायचा. कुणी हरवू नये म्हणून मी जी कुंपणं घातली, त्यांनी बायकांची प्रत्येक फट बंद केली होती. आणि त्यांनी बायका प्रवासात नेहमी करतात तेच केलं. एसटीत, लग्नाच्या वऱ्हाडात, गर्दीच्या जत्रेत करतात तेच. पाणी पिणं बंद.

बाईंचं आणखी एक होतं. तक्त्यात त्यांच्या नावापुढं 'बीपीची गोळी' असं मीच लिहिलं होतं. त्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. ती पहाटे घेतली, म्हणून दोनदा थांबावं लागेल या धास्तीनं त्यांनी इतरांपेक्षाही कमी पाणी घेतलं. म्हणजे बाहेर टाकायचं औषध चालू, आत येणारं बंद, आणि वर चढ. रक्तदाबाच्या सगळ्या गोळ्या अशा नसतात. पण नोंद करून घेतली तर पुढं डॉक्टरांना विचारायचं असतं, की दिवसभर उन्हात चालायच्या दिवशी ही कधी आणि कशी घ्यायची. मी नुसतं लिहून घेतलं आणि रकाना भरल्याचं समाधान मानलं.

उपचार साधा होता. सावली, बूट सैल, पाय जरा उंच, मानेवर ओला पंचा. ओआरएसची २०.५ ग्रॅमची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धी पुडी अंदाजानं ग्लासात टाकायची नसते, मीठ-साखरेचं प्रमाण बिघडतं. पुडी नसेल तर लिटरभर पाण्याला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे, सपाट. ते घोट-घोट. कुणीतरी म्हणत होतं एकदम बाटलीभर पाणी पाजा. मळमळणाऱ्या पोटात ते टिकत नाही, आणि तासन्‌तास घाम गेल्यावर नुसतं साधं पाणीच भरमसाठ ओतलं तर रक्तातलं सोडियम उतरून नवीनच दुखणं उभं राहतं. पोटरी फाउंड्रीवाल्यानं पाऊल हळूहळू वर दाबून मोकळी केली. पेटके नक्की कशानं येतात यावर जाणकारांत अजून वाद आहेत, थकलेला स्नायू हेही एक कारण आहेच. पण ताण दिला की सुटतात, हे भट्टीवरच्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही.

आम्ही दोन गोष्टींवर डोळा ठेवून होतो. बाई बरळल्यासारखं बोलायला लागल्या असत्या, किंवा अंग तापून झोक जायला लागला असता, तर ओसरीवर एक मिनिटही न थांबता ओम्नी थेट दवाखान्यात जायची होती. तसं झालं नाही. वीस मिनिटांनी त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "मघाशी ओरडला तो तांबट होता की नाही?" तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

ज्यांच्या ओसरीवर आम्ही हा बाजार मांडला होता त्या आजी सगळं ऐकत सूप पाखडत होत्या. वहिनीचं बोलणं ऐकल्यावर त्या उठल्या. "आत या गं पोरीनू. न्हाणी मागं हाय. इचारायचं काय त्यात?" आठ जणी आत गेल्या. बाहेर येताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं, ते वर्णायला मी योग्य माणूस नाही. मग ताक आलं. मग उरलेली बाटली आपोआप रिकामी होऊ लागली.

फेरविचार

बाराला बाई उठून न्हाणीपर्यंत चालत जाऊन आल्या. फाउंड्रीवाला म्हणाला, आता हरकत नाही. पाणी आत जाऊन बाहेर आलं, म्हणजे यंत्र सुरू झालं. भाषा फाउंड्रीची, पण निदान बरोबर.

तरी त्यांनी अकरा-बारा किलोमीटर परत चालायचं का? बाईंचं म्हणणं, चालते. तिथंच आमचा तिसरा नियम कामाला आला, आणि त्याला मदत केली सुभेदारकाकांच्या बुटानं.

शेवटच्या वळणावर काकांच्या उजव्या बुटाचा तळवा निम्म्यातून उघडला होता. बूट चांगल्या कंपनीचे, भारी. पण सहा वर्षं कपाटात. या तळव्यांतलं पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणानं आतून कुजत जातं. वरून बूट नवाकोरा दिसतो, आणि पहिल्याच लांब चालीत पावासारखा सुटतो. आपल्याकडं चार महिने कपाटातलं पीठसुद्धा ओलं होतं, तिथं बुटाची काय कथा. राजहंसगडावर ते जुने कॅनव्हासचे घालून यायचे. भारी बूट खास दिवसासाठी राखून ठेवलेले. तक्त्यात 'चांगले बूट' अशी ओळ होती आणि काकांच्या नावापुढं बरोबरची खूण होती. जादा नाडीनं तळवा बांधला तो पन्नास पावलं टिकला.

"बाई, मला एकट्याला गाडीत बसायला नियम आड येतोय वो," काका म्हणाले. "तुम्ही सोबत याल काय?"

बाई लगेच हो म्हणाल्या. आपल्यासाठी कुणी उतरणं त्यांना जड गेलं असतं. काकांसाठी उतरण्यात काही जड नव्हतं. काकांनी हे मुद्दाम केलं की खरंच बुटापायी, ते मी विचारलं नाही. ओम्नी वर आली, दोघं गेले.

राहिलेल्या बारा जणांनी गडावर जेवण उरकलं. दही-भात, दशम्या, खर्डा, आणि खडेबाजारातून आणलेला कुंदा, जो उन्हानं मऊ होऊन कागदाला चिकटला होता आणि कागदासकट चाटला गेला. आजूबाजूला डोंगराच्या ओळी, त्यांतली पुढची कर्नाटकातली की मागची, यावर दोघांचा वाद झाला. तो सुटला नाही. वीस मिनिटं कुणीच काही बोलायचं नाही असं वहिनीनं फर्मावलं. चौदा वर्षांत मी त्या मंडळींना इतकं गप्प पाहिलं नव्हतं. वाऱ्यानं सुकं गवत घासल्याचा आवाज, खाली कुठंतरी मळणीचं यंत्र, एवढंच.

साडेबाराला परत. वेळ पाळली ती माझ्या शिस्तीमुळं नाही, वहिनीनं शिट्टी माझ्या गळ्यातून काढून घेतली होती म्हणून. क्रमही तिनंच बदलला. सात बायका पुढं, पुरुष मागं. दर थांब्याला पुरुषांनी थांबायचं, बायकांनी पुढच्या वळणापर्यंत जायचं, तिकडून शिट्टी आली की आम्ही निघायचं. आणि वाटेत जिथं घर दिसेल तिथं विचारायचं. दोन ठिकाणी विचारलं, दोन्ही ठिकाणी आत बोलावलं, एका ठिकाणी चहापण झाला. परतीच्या वाटेवर भेंड्या झाल्या, एकीनं पायात काटा मोडून घेतला, दोघांच्या टाचांना फोड आले. ते पट्टी लावून निभावले. फोड येण्याआधी जागा गरम लागते, तेव्हाच पट्टी लावायची असते, हे माहीत असून दोघांनीही उचगावपर्यंत ढकलू म्हटलं होतं.

पाच वाजून दहा मिनिटांनी आमराईत पोचलो तर काका आणि बाई ओम्नीच्या पायरीवर बसून कांदाभजी खात होते. आमच्यासाठी मोठी पुडी बांधून ठेवली होती. काकांच्या पायात पुतण्याच्या चपला. भारी बूट गाडीच्या टपावर, जोडीनं, अंत्यविधीला ठेवल्यासारखे.

घरी गेल्यावर सगळ्यांनी मोजे, पोटऱ्या, कमरेची घडी तपासून घ्यायची, असं आधीच बजावलं होतं. गुरांच्या वाटांवर गोचिड्या असतात, आणि माकडताप मुख्यतः त्यांच्यामार्फत होतो. खाली सिंधुदुर्गात आणि गोव्यातल्या सत्तरीत त्याचे रुग्ण झालेले आहेत, तेव्हा ही तपासणी थट्टेवारी न्यायची नाही. एकाच्या मोज्यावर एक सापडली, चिमट्यानं निघाली.

तक्त्याचं पुढं काय झालं

पुढच्या चालीची आखणी वहिनी, बाई आणि फाउंड्रीवाला यांनी केली. मला फक्त खर्चाचा हिशेब दिला. त्यांनी बेचाळीस ओळींच्या अठरा केल्या. रक्तगट राहिला, औषधांपुढं 'डॉक्टरांना विचारलं का' हा नवा रकाना आला. वाटेची पाहणी दोघींनी स्कूटरवरून आधी केली, आणि थांबे पन्नास मिनिटांवर न ठेवता आडोसा जिथं आहे तिथं ठेवले. कधी चाळीस मिनिटांनी, कधी तासानं. सुभेदारकाकांनी यावर कुरकुर केली आणि मग गप्प बसले.

वहिनीच्या पिशवीत एक वस्तू वाढली. तिच्या सासूचं, म्हणजे माझ्या आईचं, जुनं सुती नऊवारी लुगडं. वडगावच्या मागावरचं, धुऊन-धुऊन मलमलीसारखं झालेलं. दोघींनी दोन टोकं धरली की उघड्या माळावरसुद्धा खोली तयार होते. सोबत एक खुरपं आणि कागदी पिशवी. पाण्यापासून साठ-सत्तर पावलं लांब, खड्डा करून बुजवायचं, कागद परत आणायचा. हे सगळं ती सर्वांसमोर, पुरुषांसमोर, वरणभाताची कृती सांगावी तशा आवाजात सांगते. पहिल्या वेळी दोन पुरुष जमिनीकडं बघत होते. आता त्यांतलाच एक लुगड्याची घडी घालायला पुढं येतो.

विचारपूसही बदलली. 'बरं आहे ना' कुणी म्हणत नाही. थांब्यावर 'बाटल्या' एवढंच म्हणायचं, की सगळ्यांनी पिशवीतून काढून पुढ्यात ठेवायच्या.

जानेवारीत पुन्हा राजहंसगड केला, येळ्ळूरऐवजी थेट शहरातून पायी. बुरुजाच्या खाली पहिला मोठा थांबा झाला. कुणी काही म्हणायच्या आत बाईंनी आपली बाटली माझ्या तोंडासमोर उलटी धरली. एक थेंबही पडला नाही.

"बघून घ्या, हिशेबनीस," त्या म्हणाल्या. "आणि तुमची?"

मी पिशवीत हात घातला. मला ती निम्मी तरी झाली असेल असं वाटत होतं. गळ्यापर्यंत भरलेली होती.